पावसांतील काळेंपांढरें

पावसाची पहिली सर आली कीं शहाणीं माणसें कॅमेरा कपाटांत ठेवतात. आम्ही नेमके त्याच वेळीं तो बाहेर काढतों. आणि या एका गोष्टीवरून आमच्या शहाणपणाविषयीं घरांत जें मत गेलीं तीस वर्षें रूढ झालें आहे, तें बदलण्याचें चिन्ह अद्याप दिसत नाहीं. असो. सांगावयाचें तें हें कीं, परवां आमच्या वर्गांतील दोन विद्यार्थी तास संपल्यावर मागें रेंगाळले, आणि आम्हीं तासभर घसा कोरडा करून शिकविलेलें काव्य बाजूस सारून त्यांनीं विचारलें, "सर, पावसांत काळेंपांढरें चित्र काढायचं तर आधीं काय शिकायचं?" अध्यापनाच्या इतक्या वर्षांत इतक्या उत्सुकतेनें विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न. जिन्यांत उभ्याउभ्या आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें. घरीं आल्यावर तें आमचें आम्हांलाच पटेना. जो मनुष्य पावसांत उभा राहून केवळ चुका करीत शिकला, त्यानें निदान त्या चुका तरी नीट सांगितल्या पाहिजेत. म्हणून हा प्रपंच.

काळेंपांढरेंच कां, असें आधीं कोणी विचारील. रंगाचा पक्ष घेणाऱ्यांचें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. रघुवीर सिंग यांच्यासारख्या थोर छायाचित्रकारानें आपलें सारें नांवाजलेलें काम रंगांत केलें आणि हिंदुस्थान रंगांतूनच पाहिला पाहिजे असा आग्रह धरला. त्यांनीं १९६७ सालीं बिहारांत मुंगेर येथें काढलेलें, पावसांत एकमेकींना बिलगून उभ्या राहिलेल्या स्त्रियांचें चित्र पाहिल्यावर त्यांच्याशीं वाद घालण्याची छाती होत नाहीं. परंतु आषाढांतलें कोंकण ज्यानें पाहिलें आहे, त्याला आमची अडचण समजेल. तेथें हिरव्या रंगाची इतकी दांडगाई चालते कीं दुसरें कांहीं दिसतच नाहीं. वाटेवरचा माणूस, भिजलेलें कौल, पन्हळींतून उडी घेणारें पाणी, सारें त्या हिरव्यांत बुडून जातें. हिरवा रंग काढून घेतला म्हणजे मग दगडाचा काळेपणा, पाण्याची चकाकी, धुक्याचा पांढरेपणा आणि माणसाच्या पाठीचा बांक हे सर्व पुन्हा वर येतात.

मात्र रंग काढून घेण्याची एक किंमत द्यावी लागते. गुलमोहोराचीं लाल फुलें आणि त्याचीं हिरवीं पानें डोळ्यांना कितीहि वेगळीं दिसलीं, तरी काळ्यापांढऱ्या चित्रांत तीं दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेचीं होतात, आणि फुललेला वृक्ष म्हणून आपण जें काढलें तें धूळ बसलेलें झाड ठरतें. तेव्हां वस्तूचा रंग विसरून तिचा उजेड तेवढा पाहण्याची संवय लावावी. डोळे अर्धवट मिटून पाहणें हा चित्रकारांचा जुना उपाय येथेंहि चालतो. हल्लींच्या कॅमेऱ्यांत पडद्यावर काळेंपांढरें दिसेल अशी सोय असते. नवशिक्यानें ती खुशाल वापरावी, मात्र मूळ नोंद रंगांसह राखून ठेवावी. रंग मागाहून टाकतां येतो, आणतां येत नाहीं.

नवशिक्याची पहिली निराशा ठरलेली असते. धो धो पाऊस पडत असतो, कानांत दुसरा आवाज शिरत नाहीं, अंगावरचे कपडे पिळून घ्यावे लागतात, आणि चित्र पाहावें तर त्यांत पाऊसच नाहीं! एक मळकट, करडी दुपार तेवढी आलेली असते. दोष कॅमेऱ्याचा नसतो. पावसाचा थेंब म्हणजे एक इवलेंसें भिंग आहे. भोंवतालचें आकाश तो आपल्या पोटांत उलटें सांठवितो आणि त्याच उजेडानें चकाकतो. साहजिकच पांढऱ्या आकाशापुढें तो नाहींसा होतो. काळोख्या आमराईपुढें, भिजून काळ्या पडलेल्या भिंतीपुढें, उघड्या दारांतल्या अंधारापुढें तोच थेंब लखलखतो. म्हणून पावसाचें चित्र काढणाऱ्यानें प्रथम पावसाकडे न पाहतां त्याच्या मागें काय आहे तें पाहावें. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांना १९५० सालच्या 'राशोमोन' चित्रपटांत हीच अडचण आली. पडक्या वेशीवर नळांनीं सोडलेला मुसळधार पाऊस ढगाळ आकाशापुढें दिसेना. शेवटीं त्यांनीं पाण्यांत काळी शाई मिसळली. आपल्याला ढगांत शाई मिसळतां येत नाहीं. पण दोन पावलें डावीकडे सरकतां येतें, आणि बहुतेक वेळां तेवढें पुरतें.

दुसरी गोष्ट उजेडाच्या दिशेची. उजेड थेंबाच्या मागून किंवा बाजूनें यावा. या दृष्टीनें वळवाच्या पावसासारखा गुरु नाहीं. सायंकाळीं पश्चिमेकडे ढगाची कड फाटते, खालून ऊन शिरतें आणि सर अजून पडतच असते. अशा वेळीं उन्हाकडे तोंड करून, समोर एखादें वडाचें दाट झाड धरून उभें राहिलें, तर अगदीं साध्या कॅमेऱ्यालाहि पाऊस दिसतो. पुढें मृग, आर्द्रा सुरू झालीं कीं ही चैन संपते. पुनर्वसूच्या पावसाला आपल्याकडे तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. आमचा अनुभव असा कीं तरणा पाऊस चित्रांत रेघा ओढतो आणि म्हातारा धुकें पसरतो. दोघांनाहि एकाच मापानें मोजूं नये. पुण्याची भुरभुर तर पावसांत मोडतच नाहीं. तिचे थेंब अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान. ते कॅमेऱ्याला एकेकटे दिसावयाचे नाहींत. तेथें रेघांचा नाद सोडून द्यावा आणि लांबची टेंकडी कशी फिकट होत जाते, जवळचें झाड कसें अधिकच काळें दिसतें, त्याकडे लक्ष द्यावें.

रेघांचा हिशेब मात्र मौजेचा आहे. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीजवळ येतो तेव्हां त्याचा वेग सेकंदाला सुमारें ६.५ मीटर असतो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडें राहिलें तर तेवढ्या वेळांत तो अकरा सेंटिमीटर खालीं येतो, आणि चित्रांत थेंबाऐवजीं तेवढी रेघ उमटते. सव्वाशेंव्या भागाला ती पांच सेंटिमीटर होते; पांचशेंव्या भागाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर. याहून वेग वाढविला तर पाऊस पाऊस न वाटतां लेन्सवर धूळ बसल्यासारखी वाटते. उलट पंधराव्या भागापर्यंत खालीं आलें तर रेघा हातभर लांब होतात, पण त्याबरोबर चालणारा माणूसहि विरघळतो. आम्ही साठ आणि सव्वाशें यांच्या दरम्यान राहतों. मनुष्याला पाऊस रेघांनीं दाखविण्याची कल्पना मुळांत कॅमेऱ्यानें दिलेली नव्हे, हें येथें नमूद केलें पाहिजे. हिरोशिगे या जपानी चित्रकारानें १८५७ सालीं पुलावरच्या अवचित सरीचा जो प्रसिद्ध ठसा काढला, त्यांत पाऊस काळ्या बारीक रेघांचाच आहे. आणि तेव्हांच्या कॅमेऱ्यांना बहुधा कित्येक सेकंद डोळा उघडा ठेवावा लागे, त्यांना पडता पाऊस दिसणें शक्यच नव्हतें.

थेंबाचा आकार मात्र चित्रकार सर्रास चुकवितात. अश्रूसारखा टोंकदार थेंब आकाशांतून कधींच पडत नाहीं. लहान थेंब वाटोळा असतो. मोठा खालून चपटा होतो, पावाच्या बनासारखा. अमेरिकेंतील व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली, ज्यानें १८८५ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं हिमकणाचें आपलें पहिलें छायाचित्र घेतलें, त्यानें पुढें पिठाच्या थाळ्यांत पाऊस झेलून थेंबांच्या पिठाळ गोळ्या मोजल्या. घरांत कणीक असणाऱ्या कोणालाहि हा प्रयोग करतां येईल; आम्हीं केला आहे, आणि कणकेचा हिशेबहि दिला आहे.

उजेड मोजण्याच्या बाबतींत यंत्रावर विसंबूं नये. यंत्राला सर्व जग मध्यम करडें करण्याची खोड असते. पांढरें आकाश चौकटींत जास्त आलें कीं तें घाबरून उजेड कमी घेतें आणि छत्रीखालचा चेहरा कोळसा होतो. आपल्या हाताचा तळवा त्याच उजेडांत धरून त्यावर मोजावें आणि एक पायरी अधिक उजेड द्यावा, हा फिल्मच्या काळांतला उपाय आम्हांला अजून उपयोगी पडतो. फिल्म वापरणारांनीं ४०० वेगाची घ्यावी. ट्राय-एक्स किंवा एचपी-५ यांपैकीं कोणतीहि चालेल. पिवळी किंवा तांबडी कांच घरींच ठेवावी. ती निळें आकाश गडद करण्यासाठीं असते. आषाढांत निळें आकाश आणावयाचें कोठून? ती नुसती उजेड खाते.

आणि सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्यानें काळ्या रंगासाठीं कोठें दूर जाण्याचें कारण नाहीं. ओल्या दगडावर पाण्याचा पातळ थर बसतो, आंत गेलेला उजेड त्या थरांत वारंवार मागें फिरून शोषला जातो, आणि कोरडा असतांना राखाडी दिसणारा आपला पाषाण पावसांत शाईसारखा काळा होतो. वाईच्या घाटाच्या पायऱ्या उन्हाळ्यांत पाहाव्या आणि श्रावणांत पाहाव्या. एकच दगड आहे यावर विश्वास बसत नाहीं. झाडाची साल, डांबरी रस्ता, कौलें, सर्वांची हीच गोष्ट. पाऊस थांबल्यावर लगेच घरीं परतणारा मनुष्य म्हणूनच अर्धी मिळकत रस्त्यावर टाकून येतो. ब्रासाई यांनीं १९३३ सालीं रात्रीच्या पॅरिसचीं जीं चित्रें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं, त्यांतील ओल्या दगडी फरसबंदीची झळाळी ज्यानें एकदां पाहिली, तो रात्रीं पाऊस पडून गेल्यावर अंथरुणांत शांत पडूं शकत नाहीं.

ज्यांना भिजणें मानवत नाहीं त्यांनींहि निराश होऊं नये. प्राग शहरांतील योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धांत गेला होता. १९४० पासून पुढें चौदा वर्षें त्यांनीं आपल्या कार्यशाळेची खिडकी आंतून चितारली: कधीं कांचेवर वाफ, कधीं ओघळ, पलीकडे एक वांकडें झाड. खिडकी तीच, झाड तेंच. नवशिक्याला याहून चांगली शाळा मिळणार नाहीं. एक दिवस कांचेवरचा थेंब स्पष्ट घ्यावा, दुसऱ्या दिवशीं पलीकडचें झाड. दोन्ही एकदम घेण्याचा लोभ धरला कीं दोन्ही जातात. एस्. टी.च्या गाडीची खिडकीहि चालते, परंतु ती बंद असून गळत नसेल तर.

आतां सरंजाम. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी घालावी, लेन्सपुरतें भोंक पाडून रबरानें आंवळावें. लेन्सच्या तोंडाशीं टोपण असावें. खांद्यावर सुती पंचा असावा. रेशमी हातरुमाल पाणी पुसत नाहीं, पसरवितो. उघड्यावर लेन्स बदलूं नये. थंड केलेल्या मोटारींतून एकदम बाहेर आलें कीं लेन्सवर दव धरतें. तें पुसत न बसतां दहापंधरा मिनिटें वाट पाहावी. मोबाइलवर चित्रें काढणारांना आमचा विरोध नाहीं, पण त्याच्या कांचेवर दोन थेंब पडले कीं त्याला ते आपल्या मालकाचीं बोटें वाटतात आणि तो भलतेंच करूं लागतो, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु या सर्वांहून महत्त्वाची वस्तु बाजारांत मिळत नाहीं. ती म्हणजे छत्री धरणारा माणूस. दोन हात कॅमेऱ्याला लागतात. तिसरा हात कोणाचा तरी असावा लागतो.

आमचा तिसरा हात पहिल्यानें आमच्या वडिलांचा होता. १९८८ सालची गोष्ट. आम्ही कोल्हापुरास बी. ए.च्या वर्गांत होतों आणि आषाढांत चार दिवस घरीं, आंबोली घाटाच्या पायथ्याशीं आमच्या गांवीं, आलों होतों. मामांनीं दिलेला आग्फाचा क्लिक-थ्री कॅमेरा होता आणि उटीला बनणाऱ्या इंदू फिल्मची एक गुंडाळी होती, बारा चित्रांची. लावणी चालू होती. इरलीं पांघरून वांकलेल्या बायकांचें चित्र काढावयाचें आमच्या मनानें घेतलें. अण्णा प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. त्यांना या प्रकाराचें कौतुक होतें किंवा नव्हतें, हें त्यांनीं कधीं बोलून दाखविलें नाहीं. ते आपली लांकडी मुठीची मोठी छत्री घेऊन बरोबर आले आणि बांधावर उभे राहून त्यांनीं ती छत्री आमच्या हातांतल्या कॅमेऱ्यावर धरली. स्वतःवर नाहीं. अर्धा तास आम्ही बसलों, उठलों, मागें सरलों. छत्री आमच्याबरोबर सरकत होती. चिखलांतून एक बाई मान वर न करतांच म्हणाली, "फोटो मगे काढा, आधी येक मूठ तरी लावा!" अण्णा हंसले आणि आमच्या वतीनें म्हणाले, "लावतलो गो तो!" आम्ही अर्थातच लावली नाहीं. बारा चित्रें संपलीं तेव्हां अण्णांची पाठ सदऱ्यासकट ओली चिंब झाली होती. "झालें का रे?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

पुढें कॉलेजच्या अंधाऱ्या खोलींत फिल्म धुतली. वर सांगितलेली प्रत्येक चूक तिच्यांत होती. मागें पांढरें आकाश, पाऊस नाहीं, बायकांच्या जागीं करडे ठिपके. बाराव्या चित्रांत त्यांतल्या त्यांत बरी मांडणी होती, पण डाव्या कोंपऱ्यांत छत्रीची कड, तिच्या काडीच्या टोंकाला लोंबणारा थेंब आणि मुठीवर आंवळलेला अण्णांचा हात आला होता. अस्पष्ट, कारण त्या कॅमेऱ्याला इतक्या जवळचें दिसत नसे. चौकटीच्या कडेला आलेली अनावश्यक वस्तु निर्दयपणें कापावी, असें आम्हीं कोठल्याशा इंग्रजी पुस्तकांत नुकतेंच वाचलें होतें. कागदावर मोठें करतांना आम्हीं तो कोंपरा कापला, चित्र कॉलेजच्या प्रदर्शनांत लावलें, आणि त्याकडे कोणीहि ढुंकून पाहिलें नाहीं.

कापावें कीं कापूं नये, हा वाद जुना आहे. स्टीग्लिट्झ यांनीं १८९३ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हिन्यूवर हिमवादळांत तीन तास उभें राहून जें चित्र मिळविलें, तें प्रसिद्ध केलें तेव्हां मूळ निगेटिव्हचा बराच भाग बाहेर ठेवला होता. कार्तिए-ब्रेसाँ कापण्याच्या कट्टर विरोधांत. पण त्यांचें सर्वांत गाजलेलें, सांचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचें १९३२ चें चित्र कापलेलेंच आहे. तेव्हां या बाबतींत थोरांकडे पाहून निर्णय होत नाहीं. आम्ही विद्यार्थ्यांना एवढेंच सांगतों कीं कापावयाचें तर कागद कापावा, मूळ नोंद जपावी, आणि तीहि कोरड्या जागीं.

कारण अण्णा १९९१ सालीं गेले. आईनें विचारलें, त्यांचा एखादा फोटो आहे का? घरांत दोन निघाले. एक शाळेच्या पटांगणांतला, चाळीस माणसांमधला. दुसरा सरकारी कागदावर चिकटविलेला, अर्धा शिक्क्याखालीं गेलेला. मग आम्हांला तो हात आठवला. निगेटिव्ह माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेंत, वहीच्या कागदांत गुंडाळून ठेवले होते. मध्यें तीन पावसाळे गेले होते. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे हाडांचा आणि कातड्यांचा अर्क. बुरशीला याहून आवडतें अन्न नाहीं. पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांचें एक मऊ लडदें झालें होतें. कोंमट पाण्यांत घालून एकेक सोडविण्याचा प्रयत्न केला, तेव्हां चित्रें कांचेवरच्या सायीसारखीं निघून पाण्यांत गेलीं. आई शेजारीं उभी होती. तिनें पाणी बाहेर परसांत नेऊन ओतलें. आम्हांला तें ओतवलें नसतें.

म्हणून पावसाळ्यांत कॅमेरा चामड्याच्या पेटींत कधींहि ठेवूं नये. चामडें ओल धरतें, आणि तेथून बुरशी लेन्सच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी शिरते. एकदां ती कांचेवरचा लेप खाऊं लागली कीं पुसून जात नाहीं. घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यांत आर्द्रता दाखविणारें लहानसें घड्याळ, आणि कापडाच्या पुरचुंडींत सिलिका जेल, एवढें पुरतें. घड्याळाचा कांटा पन्नासाच्या खालीं असावा. रंग बदलणारे खडे घ्यावे. ते कोरडे असतांना निळे असतात आणि ओल पिऊन गुलाबी होतात. गुलाबी झाले म्हणजे मंद आंचेवर भाजून पुन्हा निळे करावे, आणि त्यासाठीं स्वयंपाकाचें भांडें वापरूं नये, कारण त्या रंगांत विषारी क्षार असतो. सौभाग्यवतींनीं आम्हांला एक जुना तवा कायमचा वेगळा काढून दिला आहे.

आमच्या डब्यांत कॅमेरा असतो, दोन लेन्सा असतात, आणि तळाशीं प्रदर्शनांतून परत आलेलें तें एक चित्र असतें. करडें, पाऊस नसलेलें, डाव्या बाजूस अंमळ अरुंद. गेल्या पावसाळ्यांत खडे चार वेळां भाजावे लागले.